आमची वाटचाल : काटापावतीपासून कर्नेलपर्यंत

दुकानाच्या पाटीवर अजून ‘झेरॉक्स, रिचार्ज, कॉम्प्युटर दुरुस्ती’ एवढंच आहे. आम्ही लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नेलमध्ये, म्हणजे मेमरी वाटून देणाऱ्या तिच्या गाभ्यात, हात घालतो हे लिहून गावात उपयोग नाही. ज्यांना उपयोग आहे ते पाटी वाचून येत नाहीत, गाड्या तोलणारा काटा बंद पडला की फोन करतात.

2009 मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावी बसस्टँडसमोरच्या गाळ्यात सुरुवात केली. पहिल्या तीन वर्षांत सांगण्यासारखं काही नाही. 2012 च्या हंगामात एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या गिरणीच्या, काट्याचा प्रिंटर दुरुस्त करायला गेलो आणि तिथेच दिवसभर बसलो. मुनीमजी वजन दाखवणाऱ्या इंडिकेटरवरचा आकडा डोळ्यांनी वाचून रजिस्टरात उतरवत होते. आधी भरलेल्या गाडीचं वजन, कापूस उतरला की खाली, म्हणजे रिकाम्या, गाडीचं, मग वजाबाकी, मग काटापावती. एक आकडा इकडचा तिकडे झाला की शेतकरी आणि मुनीम दोघांचा आवाज चढायचा. 2015 पर्यंत आम्ही एक डबी तयार केली. तिच्यात एक जीबी मेमरीचा लहान बोर्ड, त्यावर लिनक्स. वजन थेट केबलने आत, चार कॅमेऱ्यांनी गाडीचे फोटो, पावती डॉट मॅट्रिक्सवर. दोन हंगामांत अकरा काटे लागले. मला वाटलं, जमलं.

2017 च्या दिवाळीनंतर एका रात्री फोन आला. “भाऊ, काटा झोपला न. गाड्या रोडपावतर लागल्या.”

पोचलो तेव्हा ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग डांबरी रस्त्यावर आली होती. स्क्रीनवर कॅमेरे चारही नीट चालू, आणि वजनाचा प्रोग्रामच गायब. चालू केला तर चालू झाला, पण सात गाड्यांची भरलेली वजनं गेली होती. त्यांचा कापूस केव्हाच गंजीवर पडलेला. खाली गाडी काट्यावर येईपर्यंत पहिलं वजन आम्ही फक्त मेमरीत धरून ठेवत होतो. ही चूक निव्वळ माझी. दुसऱ्या दिवशी ते डिस्कवर लिहायला लावलं, पण त्या रात्री फोटोंवरून आणि अंदाजावरून भांडत भांडत तोड काढावी लागली. शेठजींनी हंगामभर आमचं बिल अडकवून ठेवलं. मी काही बोललो नाही.

कर्नेलच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, कारण स्वच्छ लिहिलेलं होतं: मेमरी संपली, अमुक प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) मारली. मारणारा कर्नेलच.

हे समजायला मला लग्नाचं आवतण आठवावं लागलं. गावात आवतण हजार माणसांना देतात आणि स्वयंपाक सहाशेचा करतात, कारण सगळे येत नाहीत हे ठाऊक असतं. कर्नेलचंही तेच. प्रोग्रामने दोनशे एमबी मागितली की तो बहुतेक वेळा ‘घे’ म्हणतो. खरं पान, म्हणजे मेमरीचा तुकडा, आमच्या बोर्डावर चार केबीचा, तेव्हाच देतो जेव्हा प्रोग्राम तिथे पहिल्यांदा काही लिहितो. सगळे पाहुणे एकदम पंगतीला बसले की मात्र कुणाला तरी उठवावं लागतं. उठवताना कर्नेल मुख्यतः पाहतो की एकट्याने सगळ्यात जास्त कोण खातं. आमचे चार कॅमेरे प्रत्येकी 130 एमबी खात होते, म्हणजे मिळून 520. वजनाचा प्रोग्राम जावामध्ये लिहिलेला, एकटा 260 चा. खादाड चौघे, पण प्रत्येक जण एकेकटा त्याच्यापेक्षा लहान. म्हणून बळी वजनाचा.

पहिली मलमपट्टी सोपी होती. प्रत्येक प्रोसेसला उणे हजार ते अधिक हजार असा एक आकडा देता येतो. वजनाच्या प्रोग्रामला उणे हजार दिला की कर्नेल त्याला हातच लावत नाही. दुसरा उपाय मी मोठ्या हुशारीने केला आणि तोंडावर पडलो: आवतणच मोजून द्यायला सांगितलं, म्हणजे ओव्हरकमिटचा (आहे त्याहून जास्त मेमरी कबूल करण्याच्या सेटिंगचा) आकडा दोन केला. त्या अवस्थेत कर्नेल एकूण कबुली स्वॅप (डिस्कवर राखलेली जादा मेमरी) अधिक रॅमचा निम्मा भाग एवढीच देतो. निम्मा हे प्रमाण बदलता येतं, पण ते मला तेव्हा माहीत नव्हतं. आमच्याकडे स्वॅप शून्य, म्हणजे हातात पाचशे एमबीही नाही. जावा आधीच ऐसपैस जागा अडवून ठेवते, त्यामुळे वजनाचा प्रोग्राम उठेचना. संध्याकाळपर्यंत जुना आकडा परत.

उणे हजाराने काटा मरायचा थांबला, पण रांगायला लागला. मेमरी भरत आली की कर्नेल प्रोग्रामच्या कोडची पानं टाकून देतो, कारण ती डबीतल्या मेमरी कार्डावरून पुन्हा वाचता येतात. मग तीच पानं परत परत कार्डावरून वाचत बसतो. पावतीला चाळीस सेकंद. मुनीमजी म्हणाले, “याच्यापरीस रजिस्टर बरं होतं, बाप्पा.” खोटं नव्हतं.

खरा इलाज सी-ग्रुपचा. प्रोसेसचे गट करायचे आणि गटागटाला मेमरीची हद्द घालायची. गटांची ही कल्पना गुगलच्या इंजिनिअरांनी 2006 मध्ये सुरू केली. मेमरीचा नियंत्रक 2008 च्या एप्रिलमध्ये 2.6.25 या कर्नेलबरोबर आला, आणि तो लिहिणाऱ्यांत तेव्हा आयबीएममध्ये असलेले बलबीर सिंग हे प्रमुख नाव. आम्ही चारही कॅमेरे एका गटात टाकले आणि मिळून 400 एमबीची हद्द घातली. ती ओलांडली की कर्नेल आधी त्याच गटाची पानं मोकळी करतो, तरी भागलं नाही तर त्याच गटातला एक मारतो. वजनाच्या गटाला उलट हमी दिली, की एवढी मेमरी कुणासाठीही काढून घ्यायची नाही. ही हमीची सोय 2018 मध्ये 4.18 कर्नेलात आली.

एवढं करूनही दोन दिवस काहीच फरक दिसेना. आमच्या बोर्डावर मेमरीचा हा नियंत्रक बूट होतानाच बंद ठेवलेला होता, बूटच्या ओळीत दोन शब्द घालून तो चालू करावा लागतो. या दोन शब्दांसाठी माझे दोन दिवस आणि एक कुलर गेला. कुलर बिचारा मधे आला.

2019 मध्ये नवीनच दुखणं आलं. एका जिनिंगमधली डबी दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी गोठायची. सगळ्या प्रोसेस आपापल्या हद्दीत, कुणी फुगलेलं नाही, तरी मोकळी मेमरी घटत जायची. बाकी दहा काट्यांवर असं काही नाही. आमच्याकडची पॉलिटेक्निक झालेली मुलगी दोन दिवस मेमरीच्या हिशेबाची पानं पाहत बसली आणि म्हणाली, “दादा, हे प्रोग्राम नाही खात, कर्नेल स्वतःच खाते.” परत न मिळणारी स्लॅब मेमरी वाढत होती. कर्नेल स्वतःच्या लहानसहान वस्तूंसाठी ठरावीक मापाचे कप्पे ठेवतो, आणि त्यातला 256 बाइटचा कप्पा तासाला नऊ एमबीच्या वर फुगत होता. दिवसाला 220. विशेष म्हणजे जिनिंगच्या मोटारी चालू असतानाच.

धागा मोटारींचाच निघाला. त्या जिनिंगमध्ये केबल मोटारींच्या खालून नेलेली होती. वजनाच्या ओळीत कचरा मिसळायचा, सेकंदाला दहाएक संदेश खराब यायचे. वजनाची केबल जोडायला बाजारातून घेतलेल्या यूएसबी कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा कर्नेलमधला कोड, प्रत्येक संदेशासाठी कर्नेलकडून 200 बाइट मागायचा, कप्पा 256 चा मिळायचा, आणि संदेश खराब निघाला की मेमरी परत न करताच फंक्शनमधून बाहेर पडायचा. ही मेमरी इंटरप्टमध्ये, म्हणजे कार्डाने कर्नेलला मधेच हाक मारली त्या क्षणी, मागितलेली, कुठल्याच गटाच्या खात्यावर न पडणारी. आमच्या सगळ्या हद्दी तिच्यापुढे फुकट. गळती शोधणारा केमेमलीक चालू करून कर्नेल नव्याने बांधलं, तेव्हा बोट नेमकं त्या ओळीवर पडलं.

दुरुस्ती एका ओळीची होती, पण आम्ही ती तेवढ्यावर ठेवली नाही. इंटरप्टमध्ये कर्नेलला थांबता येत नाही, मेमरी आत्ता मिळाली तर मिळाली. म्हणून ड्रायव्हर चालू होतानाच चौसष्ट बफर (संदेश ठेवायचे मेमरीचे कप्पे) घेऊन ठेवायचे आणि तेच फिरवत राहायचे असं केलं. पेरणीच्या दिवशी कृषी केंद्रापुढे रांग लावायची नाही, बियाणं घरात आणून ठेवायचं. केबलही मोटारींपासून दूर नेली. शेठजींनी केबलचे पैसे लगेच दिले, ड्रायव्हरचं काम त्यांना दिसलंच नाही.

आज एकतीस काटे आमच्या डबीवर चालतात. कामाला आम्ही चौघं, आणि मार्च संपला की हातात वेळच वेळ. यंदा एका जिनिंगला गाडीचा नंबर फोटोतून आपोआप वाचून हवा आहे. आम्ही करून पाहिलं, त्या प्रोग्रामला एकट्याला 350 एमबी लागतात. शेठजींना विचारलं, चारपैकी कोणते दोन कॅमेरे बंद करू? ते म्हणाले, पोराला विचारून सांगतो. अजून फोन आलेला नाही.