औट्रम घाटात तापमान चढलं ते कूलंट जास्त घट्ट झाल्यामुळे

मार्ग: भुसावळ, जळगाव, चाळीसगाव, औट्रम घाट (कन्नड घाट) चढून कन्नड, पितळखोरे, वेरूळ. दुसऱ्या दिवशी घाट उतरून पाटणादेवी आणि पुन्हा वर. मे महिना, चौघं जण, दीड लिटर डिझेल इंजिनची गाडी, एसी पूर्ण वेळ चालू. लेणी बघण्यासारखी आहेत, पाटणादेवीचं जंगल मे महिन्यात वाळलेलं असतं. बाकी हा वृत्तांत घाटाचाच आहे, कारण ज्याला अक्कल म्हणून पैसे मोजले ती तिथे फसली.

निघण्याआधी गॅरेजात मिळालेला सल्ला असा: “खान्देशात जाताय, ऊन आहे, कूलंट घट्ट पाहिजे. पाणी घालूच नका.” रेडिएटर रिकामा करून त्यात निव्वळ कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) ओतलं गेलं. बाटलीवर बारीक अक्षरात ‘वापरण्यापूर्वी पातळ करा’ असं लिहिलेलं होतं, ते वाचायला हवं होतं. छापील किंमत ३८० असलेल्या लिटरमागे ४५० लावले, ‘लांबच्या प्रवासाचं स्पेशल’ म्हणून. अशा स्पेशलला सरळ नाही म्हणा.

चाळीसगावपासून कन्नडपर्यंत गाडी सुमारे तीनशे मीटर चढते. म्हणजे फार नाही. पण ती चढते पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, पुढच्या गाडीच्या मागे रांगत, आणि दुपारी तीनला कातळ नुसता भाजत असतो. इंजिनवर लोड पूर्ण, समोरून वारा शून्य, सगळी मदार पंख्यावर. सपाटीला ओबीडी रीडरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे मोबाइलवर दाखवणारा प्लग) कूलंटचं तापमान ९१-९२ अंश होतं. घाटात एक बस अडकली आणि दहा मिनिटांत आकडा ११० वर गेला. डॅशबोर्डवरचा काटा तेव्हाही मधोमधच! बऱ्याच नव्या गाड्यांत काटा मधल्या मोठ्या पट्ट्यात मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. तो हलला म्हणजे उशीर झालेला असतो. पाचेकशे रुपयांचा ब्लूटूथ रीडर लावल्याशिवाय मेमध्ये हा घाट चढू नका.

आता कारण. उष्णता वाहून न्यायचं खरं काम पाणी करतं. ग्लायकॉल, म्हणजे कॉन्सन्ट्रेटमधला मुख्य द्रव, ते काम पाण्यापेक्षा वाईट करतं: त्याची विशिष्ट उष्णता कमी, वहनक्षमता कमी आणि दाटपणा जास्त, त्यामुळे रेडिएटरच्या बारीक नळ्यांत ते आळसावून फिरतं. ग्लायकॉल घालायचं ते गोठू नये, उशिरा उकळावं आणि त्यातल्या गंजरोधकांनी ॲल्युमिनियम वाचवावं म्हणून. जळगावात गोठण्याचा प्रश्नच नाही. उकळण्याचं म्हणाल तर ५०:५० मिश्रण साध्या दाबाला १०७-१०८ च्या आसपास उकळतं, म्हणजे पाण्यापेक्षा सात-आठ अंश उशिरा. तेच १.१ बार दाब धरणाऱ्या रेडिएटरच्या झाकणाखाली (कॅप) साधं पाणीसुद्धा १२० च्या पुढे जाऊन उकळतं. मोठी वाढ झाकण देतं, बाटली नाही. रबर कडक झालेलं, स्प्रिंग ढिली झालेली कॅप बदला, आणि तिच्यावर जुन्या कॅपवरचाच आकडा असू द्या. जास्त दाबाची बसवली तर होज किंवा हीटर कोअर (हीटरचा छोटा रेडिएटर) फुटू शकतो.

घट्ट कूलंटचा आणखी एक दगा आहे. ते उकळत नाही, म्हणून वाफ नाही, टाकीत बुडबुडे नाहीत, वास नाही. आत इंजिनचं हेड मात्र तापत राहतं. सूचना मिळते ती थेट हेड गॅसकेट गेल्यावर.

कन्नडला पोचल्यावर रात्रभर गाडी थंड करून सकाळी कूलंटचा नमुना रिफ्रॅक्टोमीटरवर (थेंबावरून ग्लायकॉलचं प्रमाण दाखवणारं उपकरण) घेतला. ग्लायकॉल साठ-सत्तर टक्क्यांच्या वर गेलं की गोठणबिंदू पुन्हा वर यायला लागतो, त्यामुळे मोजपट्टी फसवते. नमुन्यात तेवढंच डिस्टिल्ड पाणी मिसळा, मोजा आणि दुप्पट करा. आकडा आला ३६-३७, म्हणजे मूळ ७३ टक्के. हिशेबही जुळतो: सिस्टीम सहा लिटरची, रेडिएटरच्या नळातून निघतं साडेतीन, इंजिनच्या ब्लॉकमध्ये अडीच लिटर जुनं ३५ टक्क्यांचं राहतं, वर साडेतीन निव्वळ.

७३ वरून ४० वर यायचं तर किती काढायचं? एकूण लिटर गुणिले (आताचे टक्के वजा हवे असलेले), भागिले आताचे टक्के. म्हणजे ६ × ३३ ÷ ७३ = २.७ लिटर. तेवढं काढलं, तेवढंच बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी घातलं. पाच लिटरचा कॅन पुरून उरतो. मग हीटर पूर्ण गरम, गाडीचं नाक चढाला, वरचा होज दाबत दाबत हवा काढायची. हीटरमधून गार हवा आली तर आत अजून हवा अडकलेली आहे. थर्मोस्टॅट (कूलंटची रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) उघडून पंखा दोनदा लागून बंद झाला की गाडी थंड करून पातळी पुन्हा बघा, हमखास पाव लिटर मागते.

त्याच वेळी रेडिएटरच्या पुढे असलेल्या एसीच्या कंडेन्सरमधला कापूस आणि किडे काढले. पाणी इंजिनच्या बाजूनं बाहेर मारायचं, हलक्या धारेनं. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरनं पातळ पत्र्याच्या फिन्स लोळतात.

पाटणादेवीहून परत चढताना, तीच वेळ, तोच एसी: जास्तीत जास्त १०१. त्या दिवशी कोंडी कमी होती आणि कंडेन्सर स्वच्छ होता, त्यामुळे नऊच्या नऊ अंश मिश्रणाच्या खात्यात टाकता येणार नाहीत. तरी निकाल स्पष्ट आहे: महाराष्ट्रातल्या उन्हाळ्याला ४० टक्के ग्लायकॉल, ६० टक्के डिस्टिल्ड पाणी. मॅन्युअलमध्ये ५० लिहिलं असेल तर ५०, त्याच्या वर कधीच नाही. ३३ च्या खालीही नको, गंजरोधक विरळ होतात. काश्मीर-लडाखला हिवाळ्यात जाणाऱ्यांनी ५० टक्केच ठेवावं.

बोअरचं पाणी घालू नका. मराठवाडा-खान्देशात ते जड असतं, क्षार नळ्यांत बसतात, आणि फॉस्फेटवाल्या जपानी-कोरियन धर्तीच्या कूलंटमध्ये तर गाळच धरतो. अडचणीत आरओचं चालेल, घरी पोचल्यावर बदला. रंगावरून कूलंट ओळखू नका, रंग म्हणजे निव्वळ रंग. हिरवं जुन्या पद्धतीचं आणि ओएटी (सेंद्रिय आम्लांचे गंजरोधक असलेलं) मिसळलं तर आयुष्य घटतं, कधी लगदाही होतो. बाटलीवर आयएस ५७५९ किंवा जेआयएस के २२३४ आणि प्रकार वाचा. रेडीमिक्स (आधीच पातळ केलेलं) घेतलं तर त्यात आणखी पाणी नको, पण त्यात निम्मं तरी पाणीच असतं हे भाव करताना लक्षात ठेवा.

ॲडिटिव्ह: ‘तापमान दहा अंश उतरवणारी’ बाटली घेऊ नका. ती पाण्याचा पृष्ठताण कमी करते. साध्या पाण्यात थोडा फरक दिसतो, चाळीस टक्के ग्लायकॉलमध्ये जेमतेम. गळती थांबवणारी पावडर म्हणजे हीटर कोअर बुजवण्याचा खात्रीचा मार्ग. हळद तर त्याहून वाईट, ट्रॅक्टरला चालून गेली म्हणून कारला चालत नाही. ‘उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून टाका’ म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि निघा.

घाटात आकडा १०८ च्या पुढे गेला तर क्रम असा: एसी बंद, हीटर पूर्ण आणि पंखा जोरात, खिडक्या उघड्या, पुढच्या गाडीपासून अंतर. तरी चढलाच तर सावलीत नाही, सुरक्षित रुंदीला थांबा. इंजिन दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवा. टाकीतली पातळी तळाला गेली असेल तर मात्र लगेच बंद. झाकणाला पाऊण तास हात नाही, आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी कधीच नाही.

काढलेलं २.७ लिटर गटारात ओतू नका. चव गोड असते, कुत्री चाटतात आणि मरतात. नवं आणि स्वच्छ असेल तर कॅनवर ‘७३ टक्के’ लिहून ठेवा. त्यात २.२ लिटर डिस्टिल्ड पाणी घातलं की ४० टक्क्यांचं जवळजवळ पाच लिटर टॉप-अप तयार.