पत्ता सांगणारी भिंत

भिंत मिळाली तेव्हा ती साठ फूट लांब, नऊ फूट उंच आणि तळाशी ओलीने फुगलेली होती. ओलीकडे मी तेव्हा काणाडोळा केला. त्याचं काय झालं ते पुढे सांगतेच.

मी मुलांना चित्रकला शिकवते. वस्तीतल्या लोकांनी येऊन म्हटलं, ‘आपली ओळख दिसेल असं काहीतरी काढून द्या.’ मी हो म्हटलं, सभा बोलावली आणि विचारलं, ‘आपली ओळख काय?’ उत्तरं धडाधड आली. एकोपा. कष्ट. माणुसकी. फळा भरला. त्यावरून मी चित्र बेतलं: एकमेकांत गुंफलेले हात, कबुतरं, उगवता सूर्य, धावणारी मुलं. मोठी प्रत काढून भिंतीजवळच्या पायऱ्यांपाशी लावली आणि कोण काय म्हणतंय ते ऐकायला आडोशाला उभी राहिले. एक काकू पिशव्या खाली ठेवून बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, ‘छान आहे हो. पण कुठलं आहे हे?’

मला उत्तर देता आलं नाही. ते चित्र कुठल्याही बँकेच्या कॅलेंडरवर शोभलं असतं.

मग थोडं वाचायला घेतलं, जे आधीच करायला हवं होतं. शिकागोत १९६७ साली कृष्णवर्णीय चित्रकारांनी एका जुन्या इमारतीवर ‘वॉल ऑफ रिस्पेक्ट’ रंगवली. आपल्या समाजाचे मानकरी, म्हणजे गायक, खेळाडू, लेखक, नेते, त्यांनी भिंतीवर आणले. १९७१ मध्ये आग लागली आणि नंतर ती इमारत पाडली गेली. म्हणजे चित्र जेमतेम चार वर्षं टिकलं, पण अमेरिकेतल्या कितीतरी शहरांत वस्त्यांनी आपापल्या भिंती रंगवायला घेतल्या त्या तिच्यामुळे. दुसरं उदाहरण न्यूयॉर्कचं. रिचर्ड सेरा यांचा ‘टिल्टेड आर्क’ हा १२० फूट लांब आणि १२ फूट उंच पोलादी पडदा १९८१ साली एका सरकारी चौकात उभा राहिला. चौक ओलांडणाऱ्यांना त्याला वळसा घालावा लागायचा. तक्रारी झाल्या, १९८५ मध्ये जाहीर सुनावणी झाली, १९८९ मध्ये तो कापून काढला. शिल्प म्हणून मला तो फार आवडतो. पण रोज वळसा मला घालावा लागत नव्हता, हेही खरंच.

दुसऱ्या खेपेला सभा घेतली नाही. वही घेऊन दारोदार गेले आणि एकच प्रश्न विचारला: ‘नवख्या माणसाला तुमच्या घरचा पत्ता कसा सांगता?’

आता लोक खरं बोलायला लागले. ‘नळापासून डावीकडे.’ नळ? तो काढून वीस वर्षं झाली. ‘वाकड्या झाडाच्या पुढे.’ झाड आहे, पण वाकडी फांदी केव्हाच तोडली. ‘निळ्या दारासमोर.’ ते दार आता तपकिरी. नवीन राहायला आलेले मात्र ‘टॉवरच्या खाली’ म्हणत, आणि जुन्यांना ते आवडत नसे. टॉवर कसली ओळख, असं त्यांचं म्हणणं. मी भांडून टॉवर चित्रात घेतला. नळ वहीत शिल्लक आहे, तर टॉवरनेच काय घोडं मारलं?

अडचण आली ती एका कोपऱ्याची. सगळे त्याला ‘लंगड्याचा कोपरा’ म्हणायचे. तिथे एक सायकलवाले बसत. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी मात्र तिथेच राहते. तिच्यादेखत लोक मला हा पत्ता सांगत होते आणि कुणाच्या डोळ्याची पापणी लवत नव्हती. मला ते नाव भिंतीवर नको होतं. कोपरा गाळायचा म्हटलं तर माणूसच गाळल्यासारखं होणार. शेवटी तिलाच विचारलं. ती आत गेली आणि एक पोचे पडलेलं घमेलं घेऊन आली. ‘यात ट्यूब बुडवून बाबा पंक्चर शोधायचे. बुडबुडे आले की आम्ही पोरं ओरडायचो. हे काढा.’ काढताना घमेलं जमिनीवर नको, ओट्यावर ठेवा, लहान मुलांच्या हाताला आलं पाहिजे, एवढी एक अट तिने घातली.

मग प्रत्यक्ष काम. परांची बांधली, तारेच्या ब्रशने सुटा रंग खरवडला, वर गिलाव्याची डागडुजी केली. नवा गिलावा रंगाआधी अठ्ठावीस दिवस तरी सुकू द्यावा लागतो, कारण ताज्या सिमेंटचा क्षार रंग खातो. एवढं मात्र मी पाळलं. चित्र भिंतीवर उतरवायला चौकटी आखल्या नाहीत. एक सोपी युक्ती आहे: भिंतभर वाटेल ते गिरमिटायचं, फुल्या, वेटोळी, आकडे, अक्षरं, त्याचा फोटो काढायचा आणि मोबाईलमध्ये त्या फोटोवर आपलं चित्र पारदर्शक करून बसवायचं. मग ‘घमेल्याची कड या वेटोळ्याच्या वरून जाते’ असं बघत खडूने रेघा मारायच्या. भिंतीवर गिरमिटायची अधिकृत परवानगी मिळाल्यावर पोरांना जो आनंद झाला, तसा पुढे रंगवतानाही झाला नाही.

प्रत्येक आकारात आकडा आणि डब्यावर तोच आकडा, अशी सोय केली की ब्रश कुणाच्याही हातात देता येतो. लॉस एंजेलिसमध्ये जुडी बाका यांनी १९७६ पासून पूरनियंत्रणाच्या कालव्यावर सुमारे ८४० मीटर लांबीचं भित्तिचित्र चारशेहून अधिक तरुणांना हाताशी धरून केलं, हे मी सगळ्यांना इतक्यांदा ऐकवलं की शेवटी मुलंच ‘आठशे चाळीस!’ म्हणून मला चिडवू लागली. आमचे एक आजोबा तीन दिवस फक्त सात नंबर रंगवत होते. सात नंबर म्हणजे वाळक्या पानाचा रंग. दुसऱ्या नंबरला ब्रश लावायला ते तयारच नव्हते.

भिंतीच्या मालकाकडून लेखी घेतलं: किती वर्षं पुसणार नाही, डागडुजी कोण करणार, पाइपलाइनसाठी खणायचं झालं तर आधी कोणाला सांगायचं. हे कागद कंटाळवाणे असतात, पण सगळ्यात आधी करून घ्यावेत.

आणि आता ओल. गवंडी मामा पहिल्याच दिवशी म्हणाले होते, ‘बाई, ही भिंत पाणी पिते.’ प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून दुसऱ्या दिवशी आतून थेंब येतात का बघायचं, एवढी साधी चाचणी असते. मी केली नाही, कारण उद्घाटनाची तारीख ठरली होती. महागातला प्रायमर दोन हात मारला आणि निर्धास्त झाले. तीन महिन्यांत तळाला पांढरा लोणा फुटला आणि रंगाचे पापुद्रे हाताने निघू लागले. भिंतीच्या मागे भराव आहे. त्यातलं पाणी बाहेर यावं म्हणून ठेवलेली भोकं कुठल्याशा दुरुस्तीत सिमेंटने बुजवलेली होती. पाणी मागून येत असेल तर पुढून लावलेला कुठलाच रंग टिकत नाही. मामांनी भोकं मोकळी केली, खालचा दोन फुटांचा पट्टा खरवडून काढला आणि तसाच कोरा ठेवायला सांगितला. घमेल्याचा ओटा गेला, घमेलं वीतभर वर होतं म्हणून वाचलं.

खरवडण चालू होतं तेव्हा सायकलवाल्यांची मुलगी येऊन उभी राहिली. नळावर रांगेत उभ्या बायका, झाडाखालचे म्हातारे, टॉवरखालची पोरं, सगळी गुडघ्यापर्यंतच उरली होती. मला तिच्याकडे बघवेना.

‘अहो बाई,’ ती म्हणाली, ‘पाय सगळ्यांचेच गेले की.’ आणि खदखदून हसली.