शून्याचा रकाना

नाशिकमध्ये थंडी पडू लागली, की रविवारी दुपारपर्यंत मोबाइलवर पक्ष्यांच्या याद्या येऊ लागतात. नांदूरमध्यमेश्वरला पहाटे जाऊन आलेली मंडळी चक्रवाक, थापट्या, चमचा, मुग्धबलाक अशी नावे उत्साहाने कळवतात, आणि एखाद्याला रोहित (फ्लेमिंगो) दिसला असेल, तर त्या दिवशी बाकीच्यांच्या याद्यांकडे कोणी पाहतही नाही. मी गणितीय परिसंस्थाशास्त्रात पीएच.डी. करते आहे. या याद्यांमध्ये मी जे शोधते, ते त्यांत बहुधा नसतेच : कोणता पक्षी शोधूनही दिसला नाही, आणि त्याला शोधण्यात किती वेळ घालवला. न दिसलेल्या पक्ष्याचा फोटो काढता येत नाही, हे या मौनाचे एक कारण असावे.

नांदूरमध्यमेश्वर निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, पाणी उथळ झाले, पाणकणीस माजले, आणि पाटबंधाऱ्याच्या सोयीसाठी उभ्या केलेल्या त्या जागेचे पाणथळ अभयारण्य झाले. २०१९ मध्ये तिला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. महाराष्ट्रातील ते पहिले रामसर स्थळ. मात्र पक्ष्यांना तेथे जे आवडते, तेच मोजणाऱ्याच्या मुळावर येते. जांभळी पाणकोंबडी पाणकणसात शिरली, की मनोऱ्यावरून दुर्बीण लावूनही हाती काही लागत नाही. टिबुकली मोजणे तर गोदाघाटावर सूर मारणारी पोरे मोजण्यासारखे आहे : एक पाण्यात गेली, दोन वर आली, आणि त्यांत मघाची कोणती हे कोणी सांगावे?

परिसंस्थेचे गणित म्हटले, की लोटका आणि व्होल्टेरा यांनी १९२०च्या दशकात मांडलेली भक्ष्य-भक्षकांची समीकरणे अनेकांना आठवतात. माझे काम त्यामानाने साधे, थोडेसे हिशेबनिसाचे आहे. डेन्मार्कच्या पीटरसन यांनी १८९६ मध्ये माशांवर खुणा करून त्यांच्या संख्येचा विचार केला, आणि अमेरिकेत लिंकन यांनी १९३० मध्ये पायात खुणेची कडी घातलेल्या बदकांवरून बदकांची संख्या काढली. पन्नास पक्ष्यांना कडी घातली आणि नंतर पकडलेल्या चाळिसांत दहा कडीवाले निघाले, तर एकूण पक्षी सुमारे दोनशे. पण पाणकणसातल्या प्रत्येक पक्ष्याला कोण कडी घालणार? डॅरिल मॅकेन्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडलेली पद्धत येथे कामी येते. तिला पक्षी पकडावे लागत नाहीत. त्याच जागी पुनःपुन्हा जावे लागते आणि दर वेळी दिसला तर एक, न दिसला तर शून्य एवढेच लिहावे लागते.

समजा, एखाद्या जागेवर एका हंगामात तीन वेळा जाऊन ‘एक, शून्य, एक’ अशी नोंद झाली. पक्षी तेथे राहत होता हे पहिल्या आणि तिसऱ्या भेटीने सिद्ध झाले. म्हणजे मधले शून्य पक्ष्याचे नसून आपल्या डोळ्यांचे आहे. अशा अनेक जागांवरून, पक्षी असताना तो एका भेटीत दिसण्याची शक्यता काढता येते. ती ४० टक्के निघाली, तर तिन्ही भेटींत तो हुकण्याची शक्यता ०.६ चा घन, म्हणजे जवळजवळ २२ टक्के होते. निम्म्या जागांवर पक्षी असतो असे धरले, तर तिन्ही शून्ये असलेल्या जागेवरही तो असण्याची सुमारे १८ टक्के शक्यता उरते. अर्थात, हंगामभर पक्षी जागा सोडत नाही हे येथे गृहीत आहे, आणि स्थलांतरित बदके उतरत असतात त्या आठवड्यांत हे गृहीतक सपशेल कोसळते.

या गणितामुळे माझे भटकणेही बदलले आहे. नाशिकजवळच्या अंजनेरीच्या पठारावर सेरोपेजिया अंजनेरिका नावाचे कंदीलपुष्प आढळते. त्याची प्रजाती म्हणून ओळख २००६ मध्ये पटली. मे महिन्यात ते शोधणाऱ्याला करपलेल्या गवताखेरीज काही दिसणार नाही, कारण तेव्हा ते कंदाच्या रूपाने जमिनीखाली असते. महिना न लिहिलेले शून्य म्हणूनच निरुपयोगी ठरते. अभयारण्यातील स्थानिक वाटाडे ही गोष्ट समीकरणाशिवाय जाणतात. “ताई, वारा सुटल्यावर मोजू नका, सगळे आत बसतात,” असे त्यांच्यापैकी एकाने मला ऐकवले होते, आणि माझ्या सूत्रात वाऱ्याचा वेग आला तो तेव्हापासून.

शून्याची खरी किंमत गिधाडांनी दाखवली. १९९०च्या दशकाच्या आरंभी ज्या मार्गांवर गिधाडे मोजली होती, त्याच मार्गांवर २००० मध्ये पुन्हा गणना झाली, म्हणून ऱ्हासाचा आकार कळला. नाहीतर ‘हल्ली दिसत नाहीत बुवा’ एवढेच म्हणून लोक गप्प बसले असते. गुरांना दिले जाणारे आणि त्यांच्या मृतदेहांतून गिधाडांच्या पोटात जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध त्यामागचे कारण असल्याचे २००४ मध्ये उघड झाले. त्याच वर्षीच्या गणिती प्रतिमानाने दाखवले, की मेलेल्या गुरांपैकी शंभरात एकाहून कमी जनावरांत हे औषध घातक प्रमाणात असले, तरी एवढ्या ऱ्हासाला ते पुरते. कारण एका जनावरावर अनेक गिधाडे जेवतात आणि जोडी वर्षाला एकच अंडे घालते. भारताने २००६ मध्ये गुरांसाठी हे औषध बंद केले. अंजनेरीच्या कड्यांवर अजून लांब चोचीची गिधाडे घरटी करतात, आणि तेथे तासभर बसून एकही न दिसल्याची नोंद मला हवी असते.

त्यामुळे ट्रेकला निघालेल्या ओळखीच्या माणसांना मी बजावते : पोहोचल्याची वेळ लिहा, निघाल्याची लिहा, काय शोधत होता ते लिहा, आणि नाही दिसले तर पुढे शून्य घाला. आई म्हणते, “असा गृहपाठ दिलास तर तुझ्याबरोबर कोणी येणार नाही.” अजून तरी येतात, मात्र परतताना सगळ्यांच्या मिसळीचे पैसे मला द्यावे लागतात.