वाजवणारा सोडून ऐकणाऱ्याचा फोटो का?

जॅझच्या मैफलींतले माझे फोटो पाहणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. सॅक्सोफोनवाला रंगात आलाय, मानेच्या शिरा तट्ट फुगल्यात, सगळं सभागृह त्याच्याकडे पाहतंय आणि मी फोटो काढलाय तो मागे ट्रम्पेट खाली सोडून उभ्या असलेल्या माणसाचा. "अहो, पण हा तर काहीच करत नाहीये!" कोणी संकोचत विचारतं, कोणी सरळ. तुम्हीही विचारलंत, म्हणून या वेळी नीट सांगते.

तो ऐकतोय. जॅझमध्ये ते वाजवण्याइतकंच मोठं काम आहे आणि मला फोटोत तेच हवं असतं. वाजवणाऱ्याचा चेहरा पुष्कळदा वाद्यानं आणि माइकनं अडवलेला असतो. ओठ माउथपीसवर दाबलेले, डोळे मिटलेले, कपाळावर घाम. सुंदर दिसतो तो, मी तोही फोटो काढते. पण अशा दहा फोटोंमध्ये दिसतात ते फार करून श्रम. त्या क्षणी सुरांत नेमकं काय घडलं, एखादी अनपेक्षित जागा आली का, कोणी कोणाला अडचणीत टाकलं आणि कोणी सावरलं, हे सगळं शेजारच्याच्या तोंडावर उमटतं.

ज्यांनी जॅझ फारसं ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. बहुतेक वेळा आधी सगळे मिळून मूळ धून वाजवतात. मग त्याच धुनेच्या चौकटीवर एकेक जण आपापला विस्तार करतो आणि शेवटी सगळे पुन्हा धुनेवर येतात. ही चौकट पुष्कळदा १२ किंवा ३२ बारची असते. एका बारमध्ये चार मात्रा धरल्या तर चार बार म्हणजे १६ मात्रा, आपल्या तीनतालाचं एक आवर्तन. १२ बारचा ब्लूज म्हणजे तीन आवर्तनं, ३२ बारची धून म्हणजे आठ. हा हिशेब जमल्यापासून जॅझ माझ्या बोटांवर आलं. वजन मात्र वेगळीकडे पडतं. तिथे झोक दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असतो, ड्रमरच्या पायाखालची हाय-हॅट, म्हणजे झांजांची जोडी, तिथेच मिटते. समेला मान टाकणाऱ्या आपल्या कानांना हे अंगवळणी पडायला वेळ लागतो.

मोजायचं कशासाठी? कारण चौकट संपत आली की शेवटच्या दोन-चार बारमध्ये मंचावर नजरा फिरतात. अजून एक फेरी घेणार का, की सोडतोस? ड्रमर मान वर करतो. पियानोवादक खांद्यावरून पाहतो. सॅक्सोफोनवाला डोळे न उघडता वाद्य जरासं उचलतो आणि सगळ्यांना कळतं की अजून एक. एवढीशी ती देवाणघेवाण, पण मात्रा मोजत असाल तर कॅमेरा आधीच तिथे नेऊन ठेवता येतो. मोजत नसाल तर ती दिसते तेव्हा संपलेली असते.

पियानोवादकाकडे तर मी तासन्‌तास पाहू शकते. दुसऱ्याच्या सोलोमागे, म्हणजे एकट्यानं चालवलेल्या विस्तारामागे, तो कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर) भरत असतो, पण सलग नाही. जागा सोडतो. समोरच्याचं वाक्य कुठे संपणार याचा अंदाज घेत नेमकी तिथे एक कॉर्ड ठेवतो आणि पुन्हा हात आवरून घेतो. आपल्याकडे ठुमरीला साथ करणारा जाणता संवादिनीवादक हेच करतो. त्या आवरलेल्या हातांचा फोटो मला कुठल्याही धावत्या बोटांच्या फोटोपेक्षा अधिक सांगतो.

ही दृष्टी माझ्या आधीच्यांकडून आली आहे. हर्मन लिओनार्ड यांनी १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉयल रूस्ट क्लबमध्ये काढलेला डेक्स्टर गॉर्डन यांचा फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिला असेल. सॅक्सोफोन मांडीशी, हातात सिगारेट, वर चढत गेलेला धुराचा लोट. जॅझच्या सर्वांत गाजलेल्या फोटोंपैकी हा एक, आणि त्यात गॉर्डन वाजवत नाहीत. लिओनार्ड यांचाच आणखी एक फोटो आहे. एला फिट्झजेराल्ड गातायत आणि अगदी पुढच्या टेबलाशी ड्यूक एलिंग्टन ऐकत बसलेत. एवढा मोठा संगीतकार, आणि चेहऱ्यावर पहिल्यांदाच गाणं ऐकणाऱ्या मुलाचा आनंद. मी कितीदाही तो फोटो पाहिला तरी माझी नजर आधी एलिंग्टन यांच्याकडेच जाते.

फ्रान्सिस वुल्फ यांचं काम मात्र मला सर्वांत जवळचं. हे बर्लिनचे, १९३९ मध्ये न्यूयॉर्कला आले आणि आपले बालमित्र आल्फ्रेड लायन यांच्या ब्लू नोट या जॅझच्या रेकॉर्ड कंपनीत रुजू झाले. पुढे कंपनीची ध्वनिमुद्रणं ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांच्या आईवडिलांच्या घरातल्या बैठकीच्या खोलीत होऊ लागली आणि १९५९ पासून एंगलवुड क्लिफ्सच्या नव्या स्टुडिओत. वुल्फ तिथे कॅमेरा घेऊन वावरत. एक टेक संपून तो सगळ्यांना परत ऐकवला जात असताना वादक कसे उभे राहतात, कोण जमिनीकडे पाहतो, कोण भिंतीला टेकतो, हे त्यांनी टिपून ठेवलंय. स्वतःनं नुकतंच वाजवलेलं ऐकणारा माणूस किती उघडा पडतो ते तिथे दिसतं.

ही मंडळी फ्लॅश वापरत, हेही सांगितलं पाहिजे, कारण 'तुम्ही फ्लॅश का लावत नाही' हा दुसरा प्रश्न पाठोपाठ येतोच. जॅझवर लिहिणारे आणि फोटोही काढणारे विल्यम गॉटलिब यांना वॉशिंग्टन पोस्ट लिहिण्याचे पैसे देई, फोटोंचे नाही. त्यांनी स्वतःचा स्पीड ग्राफिक कॅमेरा घेतला. फिल्म आणि फ्लॅशचे बल्ब पदरचे, म्हणून एका कार्यक्रमात मोजकेच फोटो काढायचे. आधी ऐकायचं, मग बटण दाबायचं, अशी शिस्त त्यांना त्या खर्चानं लावली असं मला वाटतं. त्यांचा संग्रह अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे आणि २०१० पासून तो सर्वांना खुला आहे. १९४७ मधला गायिका बिली हॉलिडे यांचा फोटो तिथेच पाहायला मिळतो. जरूर पाहा. आजच्या कॅमेऱ्यांना मात्र त्या लखलखाटाची गरज उरलेली नाही, आणि ऐकणाऱ्याच्या तोंडावर अचानक उजेड मारला की त्याचं ऐकणं तिथेच तुटतं. मला जे टिपायचं तेच मी मोडलं, असं होईल.

पण ऐकणाऱ्याकडे पाहायला मी शिकले ती आमच्या नाशिकमध्ये, तीही जॅझमधून नव्हे. दिवाळीतल्या पाडव्याला जुन्या नाशकात पिंपळपारावर पहाटेची मैफल असते. लोक अंधारात येऊन बसतात, अंगावर शाली, कोणाच्या मांडीवर झोपाळलेलं पोर. आधी दिव्यांचा पिवळा उजेड, मग आकाशाची निळाई, मग घरांच्या वरून उतरणारं ऊन. एकाच रागात व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाप्रमाणे कॅमेऱ्याची जुळणी, पुन्हा पुन्हा बदलावा लागतो. अशा मैफलीत आलाप चालू असतो तेव्हा तबलजी काय करतो ते पाहिलंय कधी? तबला लावून झालाय, हातोडी बाजूला ठेवलीय, तळवे मांडीवर किंवा वाद्यांवर अलगद विसावलेत आणि मान गायकाकडे कलली आहे. ठेका सुरू व्हायला अजून अवकाश आहे, पण तो मैफलीत पूर्ण उतरलेला आहे. मागे तानपुऱ्यावरची विद्यार्थिनी, बोटं तारांवर आणि कान गुरूंच्या पुढच्या स्वरावर. गायकाचे फोटो काढणारे पुष्कळ असतात. या दोघांकडे कॅमेरा वळतच नाही.

विष्णु दिगंबर पलुस्करांनी उत्तरायुष्यात इथेच रामनाम आधार आश्रम उभा केला, आणि १९२१ मध्ये त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय विष्णु जन्मले तेही नाशिकलाच. या गावाला बैठकीत ऐकण्याची सवय जुनी आहे. जाणकार श्रोत्याची दाद कधी येणार हे ओळखायला मी त्या बैठकांत शिकले आणि तीच ओळख घेऊन पुढे जॅझकडे गेले.

नाशिकला जॅझ रोज नाही. २००८ मध्ये सुला वायनरीच्या ॲम्फीथिएटरमध्ये सुलाफेस्ट हा संगीत महोत्सव सुरू झाला तेव्हापासून मोकळ्या आभाळाखालच्या पाश्चात्त्य वाद्यवृंदांची गावाला सवय झाली, द्राक्षबागांच्या हिरवळीवर एखादं त्रिकूटही कधी वाजवून जातं. पण सलग, गंभीरपणे ऐकायचं तर मुंबई. सकाळी पंचवटी एक्स्प्रेसनं जायचं. परतीला ती मिळत नाही, ती संध्याकाळीच सुटते आणि मैफल तेव्हा सुरूही झालेली नसते. मग रात्रीची गाडी, खांद्यावर कॅमेऱ्याची बॅग आणि कानात बेसची चाल.

मुंबईचं जॅझशी नातं खूप जुनं. १९३५ मध्ये अमेरिकन वादक लिऑन ॲबी यांचा वाद्यवृंद ताजमध्ये वाजवायला आला. पुढे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांच्यासारख्या गोव्याच्या वादकांनी रात्री हॉटेलांत जॅझ वाजवलं आणि दिवसा हिंदी सिनेमाच्या गाण्यांत तोच रंग आणला. सी. रामचंद्रांची गाणी आवडणाऱ्या प्रत्येकानं तो ऐकलेला आहे. १९७८ मध्ये रंगभवनात पहिली जॅझ यात्रा हा महोत्सव झाला आणि अमेरिकन सॅक्सोफोनवादक सोनी रोलिन्स तिथे वाजवून गेले. या काळातले आपल्याकडचे जे फोटो मी पाहिलेत त्यांत वाद्यवृंद बहुतेक एका ओळीत, कोट घालून, कॅमेऱ्याकडे पाहत उभा असतो. एकमेकांना ऐकताना ते कसे दिसत असतील? त्या गोव्याच्या ट्रम्पेटवाल्यानं शेजारच्याचा सोलो ऐकताना मान कशी हलवली असेल? याची मला मनापासून हळहळ वाटते. आज वाजवणाऱ्यांच्या बाबतीत तसं होऊ नये म्हणून मी जाते, असं म्हटलं तरी चालेल.

आता तंत्राचं. ऐकणारा माणूस बहुधा स्थिर असतो, आणि अंधाऱ्या मंचावर ही फार मोठी सोय आहे. ड्रमच्या काठ्या गोठवायच्या तर शटर १/५०० किंवा त्याहून वेगवान लागतं, मग आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) आभाळाला भिडतो. ऐकणाऱ्यासाठी १/६० पुरतं. ८५ मिमीची लेन्स, ॲपर्चर एफ १.८ किंवा २, आयएसओ ३२०० च्या आसपास, एवढ्यात काम भागतं. कधी मुद्दाम १/१५ वर जाते आणि कॅमेरा खांबाला टेकवते. सोलो वाजवणारा तेव्हा धूसर रेघांचा होतो आणि मागचा ऐकणारा डोळ्यांच्या पापण्यांपर्यंत स्पष्ट येतो. असा फोटो साधला की त्या रात्री मला आणखी काही नको असतं.

एलईडी दिव्यांचा त्रास सगळ्यांनाच होतो. मंचावर निळा-लाल उजेड ओतलेला असतो आणि लाल रंगात चेहऱ्याचा तपशील जळून जातो. मी लाल प्रकाश जाईपर्यंत थांबते किंवा एक्स्पोजर कमी करून तो फोटो पुढे कृष्णधवल करते. आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं की फोटोवर आडवे पट्टे येतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/१०० किंवा १/५० वर ठेवलं की त्या दिव्यांचे पट्टे पुष्कळ कमी होतात. डिमरवरच्या एलईडीची लुकलुक वेगळी असते, तिथे प्रत्येक सभागृहात चाचणी घ्यावी लागते. पण मूक शटरला माझ्या लेखी पर्याय नाही. डबल बेसचा सोलो सुरू होतो तेव्हा बाकीचे जवळजवळ थांबतात, सभागृह पुढे झुकतं आणि मंचावरचा प्रत्येक जण ऐकत असतो. माझ्यासाठी सगळ्यात मोलाची मिनिटं ती, आणि त्याच मिनिटांत कॅमेऱ्याची एक टकटक शेवटच्या रांगेपर्यंत जाते. शटर मूक होत नसेल तर तेव्हा कॅमेरा खाली ठेवायचा आणि नुसतं ऐकायचं.

सुरुवात कुठून करू, असं कॉलेजातली मुलं विचारतात. त्यांना मी आधी कालिदास कलामंदिरात किंवा एखाद्या छोट्या बैठकीत जायला सांगते. आयोजकांना आणि कलाकारांना आधी विचारा. शक्य झालं तर प्रेक्षकांच्या उजव्या अंगाला बसा. गायनाच्या मैफलीत तबलजी बहुधा गायकाच्या उजव्या हाताला असतो आणि गायकाकडे वळून बसतो, त्यामुळे उजवीकडून त्याचा चेहरा समोर येतो. संवादिनीवादक मध्ये येतो, तर थोडं मागे सरका. जॅझमध्येही हीच बाजू सोयीची, कारण ग्रँड पियानो बहुधा प्रेक्षकांच्या डाव्या हाताला असतो आणि पियानोवादक उजवीकडे तोंड करून बसतो. पहिल्या दोन धुना कॅमेरा बॅगेतच राहू द्या. तेवढ्यात कोण कोणाकडे पाहतो हे कळतं, प्रत्येक चमूत ते वेगळं असतं. मग सोलो सुरू झाला की लेन्स सोलोवाल्याकडे नेण्याआधी बाकीचे कुठे पाहतायत ते बघा, आणि तिथे फोकस करून मात्रा मोजायला लागा.