भाग ‘ब’वर सही कोण करणार?

बाबांनी तीन हंगामांचा कापसाचा चुकारा गावच्या पतसंस्थेत मुदत ठेवीत टाकला होता. 3 लाख 40 हजार रुपये. मुदत संपली, पैसे मिळेनात. शेवटी तिथल्या व्यवस्थापकाने फोनवर माझ्याजवळ कबूल केलं की पावत्या फाडून दिल्या, पण रक्कम रोजकीर्दीला, म्हणजे रोजच्या हिशेबवहीत, घेतलीच नाही. कॉल रेकॉर्ड होत होता. 11 मिनिटं 20 सेकंद.

तक्रार, चाचणी लेखापरीक्षण, गुन्हा, हे सगळं होत गेलं. लेखापरीक्षक मॅडमनी गावात बसून सभासदांच्या पावत्या एकेक करून संस्थेकडच्या स्थळप्रतीशी, रोजकीर्दीशी आणि खतावणीशी (खातेवहीशी) ताडून पाहिल्या. अपहार दिसला की सहकार कायद्याच्या कलम 81 प्रमाणे लेखापरीक्षकानेच फिर्याद द्यायची असते. त्यांनी ती दिली. ठेवीदारांसाठीचा 1999 चा एमपीआयडी कायदाही लागला.

अडलो ते रेकॉर्डिंगपाशी. सात आठवडे, तेही सोयाबीन काढणीच्या दिवसांत.

पोलीस ठाण्यात आधी सांगितलं, पेनड्राइव्हमध्ये आणा. नेला. मग म्हणाले, सोबत ही नक्कल कुठल्या फोनमधून, कशी घेतली याचं प्रमाणपत्र पाहिजे, आणि एक छापील नमुना हातात दिला. भरून दिला तर सरकारी वकिलांकडून परत. तो जुन्या पुरावा कायद्याच्या 65 ब कलमाचा होता. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यात हे कलम 63 आहे आणि प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. भाग ‘अ’ रेकॉर्डिंग देणाऱ्याने भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने. दोन्हींत फाईलचा हॅश लिहायचा असतो. हॅश म्हणजे फाईलवरून गणिताने निघणारा तिचा ठसा. एक सेकंद कापला तरी तो पार बदलतो.

भाग ‘अ’ मी त्याच रात्री भरला. पण तज्ज्ञ म्हणजे कोण? तालुक्यातला कॉम्प्युटरवाला हात जोडून मोकळा झाला. कॉलेजचे सर म्हणाले, उद्या साक्षीला बोलावतील, मी सही करत नाही. जिल्ह्याच्या सायबर शाखेत गेलो तर ठाण्याचं पत्र मागितलं. ठाण्यात आलो तर आधी प्रमाणपत्र आणा, मग पत्र देतो. एसटीने 52 किलोमीटर जाणं, तेवढंच येणं, असे चार खेटे झाले. मजूर शेतात, मी बाकावर. बाबा रोज संध्याकाळी विचारायचे, “काय झालं रे? माहे पैसे कवा भेटतीन?” मला अजूनही त्या बाकाचा राग येतो. सामान्य माणसाने तज्ज्ञ शोधत फिरायचं हे मला मान्यच नाही. तपास त्यांचा आहे.

तपास अधिकारी बदलले तेव्हा गाठ सुटली. नवीन पीएसआय साहेबांनी पेनड्राइव्ह उघडला आणि फाईलच्या नावातल्या ‘डब्ल्यूए’ या अक्षरांवर बोट ठेवलं. “हे व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेलं आहे. मूळ फोन कुठाय?” भाच्याने परत पाठवलेली फाईल मी पेनड्राइव्हमध्ये टाकली होती. मूळ रेकॉर्डिंग माझ्या खिशातल्या फोनमध्येच होतं, आणि सात आठवड्यांत ते कोणी मागितलं नव्हतं! त्यांनी सायबर शाखेला स्वतः पत्र दिलं. तिथल्या माणसाने फोनमधल्या फाईलचा हॅश काढून भाग ‘ब’वर सही केली, दोन पंचांसमोर फोन सील झाला, व्हिडिओही काढला. पंचनाम्यात हॅशची 64 अक्षरं हाताने लिहिली. मी एकेक अक्षर मोठ्याने वाचून घेतलं. एका जागी ‘बी’च्या ऐवजी आठ पडला होता. तिथेच खोडून, सही घेऊन दुरुस्त करवला. तेवढं तुम्हीही करा, कोणी घाई केली तरी.

मूळ फोन विकू नका, फॉरमॅट मारू नका, रेकॉर्डिंगचा नको तो भाग कापू नका. काही फोन जुनी रेकॉर्डिंगं आपोआप पुसतात, ती सेटिंग आजच बंद करा. जालन्याच्या निवडणुकीवरून निघालेल्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात सुप्रीम कोर्टाने 2020 मध्येच सांगितलं होतं की नक्कल द्यायची तर प्रमाणपत्र लागतंच. जुन्या कायद्यातला निकाल आहे, पण आमच्या वकिलांनी मला त्यावरूनच समजावलं.

हो, सिमचं राहिलं. फोन जमा करताना सिम काढून मागा. मी मागितलं म्हणून मिळालं, नाहीतर बँकेचा ओटीपी बंद पडला असता. फोन परत हवा असेल तर सुपूर्दनाम्यासाठी कोर्टात अर्ज करावा लागतो. मी केलेला नाही, फोन तिथेच सीलबंद राहू दे. आणि गुन्हा नोंदल्यापासून 90 दिवसांत तपास कुठवर आला हे पोलिसांनी आपल्याला कळवायचं असतं. नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते लिहिलेलं आहे, लेखी मागा.

आता व्यवस्थापकाच्या आवाजाचा नमुना घ्यायला कोर्टाची परवानगी मागितली आहे. पंचनाम्याची प्रत मी बाबांच्या पेटीत, ठेव पावत्यांच्या खाली ठेवली आहे.