पहिली फुल मॅरेथॉन: मुंबई, जानेवारी 2024, आणि पुढे जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

21 जानेवारी 2024 ला मी आयुष्यातली पहिली फुल मॅरेथॉन पूर्ण केली. टाटा मुंबई मॅरेथॉन, 42.195 किलोमीटर, वेळ 5 तास 28 मिनिटं. वय 43, राहणार पुणे, कोथरूड, नोकरी बँकेत, शाळेत असताना खेळात कधी नव्हतेच. हाफ (21 किलोमीटरची) झालीय पण फुल करू की नको असं ज्यांचं चाललंय त्यांच्यासाठी मुद्दाम सविस्तर लिहितेय. एक गोष्ट आधीच सांगून टाकते, सुरुवातीला मरीन ड्राइव्हवर जो दम वाचवाल तोच 35 नंतर पेडर रोडच्या चढावर खर्चायला मिळतो, बाकी सगळं त्यानंतर.

तयारी साधारण 20 आठवड्यांची. सोमवारी आराम, मंगळवार आणि गुरुवारी ऑफिसच्या आधी 6 ते 8 किलोमीटर, शनिवारी एआरएआयच्या टेकडीवर चढ-उतार आणि रविवारी लाँग रन. लाँग रन 14 पासून सुरू करून दर आठवड्याला दीड-दोन किलोमीटर वाढवत न्यायचा, चौथ्या आठवड्यात परत कमी करायचा, असं करत मी डिसेंबरच्या शेवटी 32 पर्यंत पोचले. त्याच्या पुढे ट्रेनिंगमध्ये जायची गरज नाही, 42 पळून बघायचा मोह होतो पण तो टाळा, शरीर भरून यायला फार दिवस लागतात. आणि लाँग रन हळू करा म्हणजे खरंच हळू, शेजारच्या बाईशी गप्पा मारता आल्या पाहिजेत इतकं हळू. मला हे पटायलाच दोन महिने गेले. सप्टेंबरमध्ये साताऱ्याची हिल हाफ केली, यवतेश्वरचा घाट चढून परत उतरायचा, त्याने मांड्या अशा काही तयार झाल्या की मुंबईच्या चढांची भीती निम्मी झाली.

नोव्हेंबरमध्ये एनडीए रोडला 28 चा रन होता तेव्हा माझी चूक झाली. थंडी होती, घाम फारसा जाणवत नव्हता, म्हणून नुसतं साधं पाणी पीत राहिले, खाल्लं काहीच नाही. 23 नंतर डोकं हलकं झालं, मळमळायला लागलं, दोन्ही पोटऱ्यांत असे गोळे आले की फुटपाथवर बसले ते उठताच येईना. चहाच्या टपरीवरच्या काकांनी काही न विचारता ग्लासात लिंबू पिळलं, चमचाभर साखर, मोठी चिमूट मीठ, आणि म्हणाले हळूहळू घ्या ताई. पंधरा मिनिटांनी मी उभी राहिले. त्या दिवसापासून मीठ हा विषय मी अभ्यासासारखा घेतला. घामातून मीठ जातं आणि वरून नुसतं पाणी ढोसलं की रक्तातलं सोडियम आणखी पातळ होतं, हे धोक्याचंही ठरू शकतं, म्हणून "जास्तीत जास्त पाणी प्या" हा सल्ला मॅरेथॉनला जसाच्या तसा लागू होत नाही. तहान लागेल तसं घोट घोट प्यायचं, रस्त्यातल्या दर दोन-तीन पाणी स्टेशनला इलेक्ट्रोलाइट (मीठ-क्षारांचं पाणी) घ्यायचं. ओआरएसचं मोठं, एक लिटरचं पाकीट आख्खं एक लिटर पाण्यातच कालवायचं, छोट्या बाटलीत गच्च करून नाही. खाणं दर 40-45 मिनिटांनी, भूक लागायची वाट बघायची नाही, कारण स्नायूंत आणि लिव्हरमध्ये साठवलेली साखर बहुतेकांना 30 च्या आसपास संपत येते आणि तेव्हा तोंडात टाकलेलं खजूर लगेच पायात उतरत नाही. मी दोन जेल (पळताना खायच्या गोड, घट्ट रसाच्या पुड्या), बाकी खजूर आणि राजगिऱ्याची चिक्की नेली होती, सगळं आधी लाँग रनला खाऊन बघितलेलं. शर्यतीच्या दिवशी नवीन काहीही नको, मोजासुद्धा नाही.

डिसेंबरच्या सुरवातीला गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागलं, फिजिओथेरपिस्टने 10 दिवस पळणं बंद करून कमरेचे आणि नितंबांचे व्यायाम दिले. रडू आलं होतं तेव्हा, सगळी मेहनत गेली असं वाटलं, पण त्या 10 दिवसांनी काहीही बिघडलं नाही. दुखत असताना पळत राहिले असते तर मात्र जानेवारी हातची गेली असती. शेवटचे तीन आठवडे तसेही किलोमीटर कमी करत आणायचे असतात, पाय उगाच शिवशिवतात, शिवशिवू द्या.

आता मुंबई. बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, स्वतः जाऊन घ्यावा लागतो, आमचा बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) होता, शर्यतीच्या दिवशी मिळत नाही. शनिवारी प्रचंड गर्दी असते म्हणून मी शुक्रवारीच उरकलं, ओळखपत्र विसरू नका. आणि तिथल्या स्टॉलवर तीन तास पायपीट करू नका. मी प्रभादेवीला मावशीकडे उतरले होते. शनिवारी दुपारी भात-वरण, बटाट्याची भाजी, रात्री सातलाच दही-भात आणि झोप. झोप लागली नाही तर घाबरू नका, आदल्या रात्रीपेक्षा शुक्रवारची झोप जास्त महत्त्वाची. उपनगरात राहणार असाल तर त्या पहाटे जादा लोकल सोडतात, त्यांच्या वेळा दोन दिवस आधी बघून ठेवा. मी तीनला उठून केळं आणि ब्रेड-पीनट बटर खाल्लं, काखेत आणि मांड्यांना व्हॅसलिन भरपूर लावलं (हे ज्याने टाळलं त्याला अंघोळीच्या वेळी कळतं), आणि चारला आझाद मैदानात हजर. टॉयलेटच्या रांगेला वेळ धरा.

सीएसएमटीसमोर, ती इमारत दिव्यांनी उजळलेली, हजारो माणसं, राष्ट्रगीत, अंगावर काटा आला. आणि सुटल्या सुटल्या सगळे जीव खाऊन पळायला लागले. मरीन ड्राइव्हला गार वारा, बँड, टाळ्या, पाय हलके, घड्याळात बघितलं तर 6:30 चा पेस, म्हणजे किलोमीटरला साडेसहा मिनिटं, माझा ठरलेला 7:20. खरं सांगते, तिथे मुद्दाम हळू होणं हे अख्ख्या दिवसातलं सगळ्यात अवघड काम होतं. एक आजोबा, सत्तरीचे असतील, माझ्या बाजूने अगदी सावकाश चाललेले, त्यांच्याच मागे राहिले. "जाऊ द्यात त्यांना, भेटतील परत," म्हणाले. 30 नंतर त्यातले कितीतरी खरंच भेटले, चालताना.

सी लिंकवर चढलो तेव्हा उजाडत होतं. एरवी तिथे पायी जायला बंदी, गाडीतून दोन-पाच मिनिटांत संपणारा तो 5.6 किलोमीटरचा पूल पायाखाली केवढा लांब आहे हे तेव्हा कळतं. तिथे एकदम शांत होतं, प्रेक्षक नाहीत, फक्त बुटांचा आवाज आणि वरच्या केबल्स. उजवीकडे इमारतींच्या मागून सूर्य आला. मी ओढणीसारखा पातळ रुमाल नेला होता, चेहरा पुसला तर हाताला मिठाचे कण लागले, सात-सव्वासातला! मुंबईची दमट हवा ती अशी, पुण्याच्या कोरड्या थंडीत तयारी केलेल्यांनी हे डोक्यात ठेवा. निम्मं अंतर 2 तास 36 मिनिटांत झालं.

माहीम, शिवाजी पार्क हा भाग माणसांनी तारून नेला. गॅलरीतून थाळ्या वाजवणारे, संत्र्याच्या फोडी, मिठाच्या पुड्या, बर्फ, लहान पोरं टाळी द्यायला हात पुढे करून उभी. प्रभादेवीला मावशी होती. वय 71, गुडघे दुखतात, दीड तास रस्त्याच्या कडेला उभी. स्टीलचा छोटा डबा, त्यात उकडलेल्या बटाट्याच्या फोडी, वर मीठ आणि थोडं लिंबू. मी थांबायला गेले तर म्हणाली, "थांबू नकोस गं, डबा घेऊन जा, चालत चालत खा." मी डबा हातात धरून वरळीपर्यंत गेले, एक एक फोड. कुठलंही जेल त्याच्या जवळपास नाही. तुमचं कोणी मुंबईत असेल तर त्यांना 28 ते 33 च्या मध्ये उभं करा, सुरुवातीला किंवा शेवटाला नको, तिथे गर्दी असतेच.

हाजी अलीला ऊन चांगलंच वर आलं होतं आणि मग 35 च्या पुढे तो पेडर रोडचा चढ. एरवी टॅक्सीतून जाणवतही नाही. मी चालले. ठरवूनच चालले, 60 पावलं चालायची, 30 पळायची, मान खाली, दिव्याचे खांब मोजत. आजूबाजूला लोक पोटऱ्या धरून बसलेले, व्हॉलंटियर स्प्रे मारत होते. माझ्या पोटरीत एकदा झटका आला, मी थांबून ताणलं, मीठ चाटलं, पुढे निघाले. चढ संपून बाबुलनाथकडे उतार लागला तेव्हा कळलं की आता पूर्ण होणार, आणि तिथे मला जो हुंदका आला तो शेवटच्या रेषेवर नाही आला.

परतीचं मरीन ड्राइव्ह लांबलचक आणि सावलीशिवाय. टोपी न्या. तिथे फक्त पुढच्या पाणी स्टेशनपर्यंतचा विचार करा. चर्चगेटच्या वळणानंतर आवाज वाढत जातो, नवरा आणि मुलगी कठड्याला टेकून ओरडत होते, मला त्यांचं काहीच ऐकू आलं नाही, फक्त तोंडं हलताना दिसली.

मेडल घेतल्यावर लगेच बसू नका, दहा मिनिटं चाला, काहीतरी खारट खा, मग बसा. पुण्याच्या लोकांनी संध्याकाळच्या 5.10 च्या डेक्कन क्वीनचं तिकीट महिनाभर आधी काढून ठेवा, ती सीएसएमटीवरूनच सुटते, तोवर नातेवाइकाकडे अंघोळ आणि जेवण होतं. कडेची सीट मागा म्हणजे पाय लांब करता येतात. आम्ही डायनिंग कारमधून कटलेट मागवली, मी दोन प्लेट खाल्ल्या, लोणावळ्याच्या आधी झोपले, मावशीचा डबा मांडीवर होता.