तुम्ही विचारलंत म्हणून: आम्हीही कम्युनिअनच्या रांगेत आलो तर?

वसईतल्या लग्नाला नाहीतर मुंबईतल्या अंत्यविधीला आलेली बिगरख्रिस्ती मंडळी हमखास विचारतात, "मिस्सेत सगळे रांगेने जाऊन ती पांढरी चकती घेतात, ती आम्ही घेतली तर चालेल का? प्रसादच ना शेवटी?" मिस्सा म्हणजे आम्हा कॅथलिकांची चर्चमधली उपासना, आणि तिच्यात ती चकती घेणं म्हणजे कम्युनिअन. पाहुण्यांनी ती घेतलेली चालत नाही. पण एवढंच सांगून पाहुण्याला गप्प बसवणं मला पटत नाही.

त्या चकतीला होस्ट म्हणतात. गव्हाचं पीठ आणि पाणी, बाकी काही नाही. मीठ, साखर, यीस्ट, कशालाच परवानगी नाही. पातळ कालवलेलं पीठ दोन तापलेल्या लोखंडी पाट्यांमध्ये दाबून भाजतात. निघालेला पापुद्रा इतका कडक असतो की लगेच कापला तर त्याचा चुरा होतो. म्हणून तो आधी दमट हवेत ठेवून जरा नरम करायचा आणि मग गोल चकत्या पाडायच्या. लोकांसाठीची होस्ट साधारण ३ सेंमीची. फादरांची मोठी असते, कारण ती सगळ्यांना दिसेल अशी उंच धरून मोडायची असते. कोकणातल्या पावसाळ्यात पंचाईत उलटी: ओल धरून होस्ट मऊ पडते, बुरशी येते. तेव्हा घट्ट झाकणाचा डबा हवा आणि साठा थोडाच ठेवावा. तांदळाची होस्ट चालत नाही. ग्लुटेन सोसत नसेल तर कमी ग्लुटेनची मिळते. तीही सोसत नसेल तर नुसता पेल्यातला द्राक्षारस घ्यावा. त्यात काही उणं राहत नाही.

इथवर ती भाकर आहे. क्रुसावर जाण्याआधी शिष्यांबरोबर घेतलेल्या शेवटच्या भोजनातले येशूचे शब्द फादरांनी वेदीवर उच्चारले की ती ख्रिस्ताचं शरीर होते, अशी आमची श्रद्धा आहे. रंग तोच, चव तीच, वजनही तेच. पाहून, चाखून खात्री करून घ्यायची सोय नाही. येशूने सांगितलं, त्याच्या शब्दावर विसंबायचं. म्हणून फादर होस्ट पुढे धरून "ख्रिस्ताचे शरीर" म्हणतात आणि घेणारा "आमेन" म्हणतो. ते आमेन म्हणजे 'होय, हे मी मानतो' ही कबुली. तुम्ही मानत नाही ते तुमच्या तोंडून वदवून घेणं बरं नव्हे. नकार आहे तो यासाठी.

शिवाय कॅथलिकांनाही सरसकट मुभा नाही. मनावर गंभीर पाप असेल तर आधी पापनिवेदन करावं लागतं. कम्युनिअनच्या आधी तासभर उपास; पाणी आणि औषध चालतं, आजारी, वृद्ध आणि त्यांची देखभाल करणाऱ्यांना सूट आहे. पूर्वी हा उपास मध्यरात्रीपासून असे. १९५७ मध्ये जेवणापुरता तो तीन तासांवर आला आणि १९६४ च्या नोव्हेंबरात पोप सहावे पॉल यांनी एका तासावर आणला. पुढच्याच महिन्यात ते युखरिस्ट (म्हणजे हाच कम्युनिअनचा संस्कार) परिषदेसाठी मुंबईत आले होते. म्हणून रांगेच्या वेळी बाकावर बसून राहिलेला माणूस परकाच असेल असं नाही, आणि कोण उठलं, कोण नाही हे मोजत बसणं वाईट.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो रांग सुरू होण्याआधीचा क्षण. फादर होस्ट उंचावतात आणि बिशप असो की बागेत राबणारा गडी, सगळे म्हणतात की प्रभू, तू माझ्या छपराखाली यावंस एवढी माझी योग्यता नाही. हे बोल मुळात बायबलमधल्या कफर्णहूम गावच्या एका रोमन शताधिपतीचे, म्हणजे शंभर शिपायांवरच्या अधिकाऱ्याचे. तो यहुदी नव्हता, येशूचा शिष्यही नव्हता; बाहेरचाच माणूस. चाकर आजारी होता, पण येशूला घरी बोलावण्याचं धाडस त्याला होईना. 'तू फक्त शब्द बोल' म्हणाला. आमची कम्युनिअनपूर्वीची प्रार्थना या बाहेरच्या माणसाने शिकवलेली आहे.

ही नम्रता हातांतही दिसते. वेदीवर होस्टखाली कॉर्पोरल नावाचं पांढरं कापड असतं. त्याला तीन उभ्या, तीन आडव्या अशा नऊ चौकोनांच्या घड्या. मिस्सा झाल्यावर कडा आत घेत ते मिटतात, म्हणजे कण आतच राहतात. धुताना आधी साध्या पाण्यात बुडवायचं, ते पाणी गटारात न सोडता मातीत ओतायचं, मग साबण. होस्ट खाली पडली तर आदराने उचलतात आणि जागा पाण्याने पुसतात. तळहातावर घेणाऱ्याने डावा हात वर, उजवा खाली धरावा, फादरांसमोरच उजव्या बोटांनी उचलून तोंडात घालावी आणि तळहातावर कण राहिला का ते बघावं. चालता चालता खाण्यात हेच कण सांडतात.

तुम्ही मिस्सेला जरूर या. रांग निघाली की बसून राहा. शेजारच्याला वाट हवी असेल तर गुडघे बाजूला घ्या किंवा क्षणभर बाकाबाहेर उभे राहा. बऱ्याच चर्चमध्ये दोन्ही हात छातीवर दुमडून पुढे गेलं तर फादर डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. ती पद्धत तिथे आहे का हे यजमानांना आधी विचारून घ्या. आणि गडबडीत होस्ट हातात पडलीच तर खिशात, पर्समध्ये किंवा रुमालात ठेवू नका. तिथल्या तिथे फादरांच्या हातात परत द्या. ते ती स्वतः ग्रहण करतील.